डायव्हर्जंट: तिसऱ्या पुस्तकाने पहिलंच खोडून टाकलं (सगळी रहस्यं फोडली आहेत, जपून!)

गवती_चहा

व्हेरॉनिका रॉथची 'डायव्हर्जंट' मालिका अखेर वाचून संपवली. 'डायव्हर्जंट' (२०११), 'इन्सर्जंट' (२०१२) आणि 'अलिजंट' (२०१३). सिनेमे आले तेव्हा ऑफिसातल्या निम्म्या पोरी थिओ जेम्सच्या नावाने उसासे टाकत होत्या आणि मी नाक मुरडून बाजूला होते. हल्ली लेकीच्या मैत्रिणींच्या दप्तरात तीच पुस्तकं पुन्हा दिसायला लागली, म्हणून घेतली वाचायला. पहिलं खाली ठेववेना, दुसरं रेटलं, तिसऱ्याने असा काही संताप आणलाय की इथे ओकल्याशिवाय झोप यायची नाही.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. भविष्यातलं पडझड झालेलं शिकागो, भोवती कुंपण. माणसांचे पाच गट आणि प्रत्येक गटाने एकेक सद्गुण वाटून घेतलेला. अ‍ॅब्निगेशन निःस्वार्थी, डॉन्टलेस शूर, एरुडाइट ज्ञानी, अ‍ॅमिटी सलोख्याने राहणारे, कॅन्डॉर तोंडावर खरं बोलणारे. सोळाव्या वर्षी चाचणी होते. तुमचा कल कुठे ते सांगतात, पण गट तुम्ही स्वतः निवडायचा. दुसरा गट निवडलात तर आईबापांचं घर सुटलं. आणि गटाच्या उमेदवारीत नापास झालात तर गटाबाहेर: बस चालवा, कचरा उचला, कोणीतरी दिलेल्या जुन्या कपड्यांवर दिवस काढा.

आमची नायिका बिअ‍ॅट्रिस, म्हणजे ट्रिस, अ‍ॅब्निगेशनमधली. पुस्तकाची सुरुवातच किती छान आहे! घरात आरसा एकच, तोही सरकत्या फळीमागे दडवलेला. दर तिसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी आई हिचे केस कापते, तेवढ्यापुरतं आरशासमोर बसायची परवानगी. आणि आईचं लक्ष नसताना ही चोरून स्वतःकडे बघते. एका पानात लेखिकेने घर, शिस्त, मुलगी आणि तिच्यातली ठिणगी, सगळं उभं केलंय.

मग निवडीचा समारंभ. पाच मोठे वाडगे: एकात राखाडी दगड, एकात पाणी, एकात माती, एकात काच आणि एकात धगधगते निखारे. सुरीने तळहातावर चीर द्यायची आणि ज्या गटात जायचं त्याच्या वाडग्यात रक्त सांडायचं. भाऊ केलेब आधी जातो. आयुष्यभर निःस्वार्थीपणाचा आदर्श म्हणून मिरवलेला हा मुलगा हात पाण्यावर धरतो, म्हणजे एरुडाइट. आता आईबापांपाशी राहायची जबाबदारी आपसूक हिच्यावर. हिचा हात दोन वाडग्यांच्या मध्ये अडखळतो, रक्त गालिच्यावर गळतं, आणि मग निखाऱ्यांवर चर्रर्र आवाज येतो. वाचताना माझा हात आखडला होता.

चाचणीत ट्रिस एकाच गटात बसत नाही. निःस्वार्थी, शूर आणि ज्ञानी असे तिन्ही कल निघतात. अशा माणसाला डायव्हर्जंट म्हणायचं आणि ते कुणाला कळू द्यायचं नाही, नाहीतर जिवाशी गाठ. मला वाटलं, अरे वा, माणूस एका खोक्यात मावत नाही, हे एवढ्या वेगवान गोष्टीतून पोरांपर्यंत पोचतंय.

आता तिसरं पुस्तक. मंडळी कुंपणाबाहेर जातात. तिथे ओ'हेअर विमानतळावर सरकारी 'जनुकीय कल्याण' खात्याने तळ ठोकलेला. तिथे कळतं की पूर्वी सरकारने माणसांतला भित्रेपणा, खोटेपणा वगैरे जनुकं बदलून काढायचा घाट घातला, तो अंगलट आला, युद्ध झालं, आणि 'बिघडलेली' माणसं शहरांत कोंडून पिढ्यान्‌पिढ्या त्यांची जनुकं सुधारायची वाट बघत बसले. आणि डायव्हर्जंट म्हणजे कोण? तर ज्यांची जनुकं दुरुस्त झाली ते.

संपलं! पहिल्या पुस्तकात जे तिचं होतं, म्हणजे तिची घुसमट, तिची निवड, ते निखारे, ते सगळं आता रक्ततपासणीचा अहवाल. वर टोबायसला, म्हणजे ट्रिसच्या प्रियकराला, सांगतात की तू खरा डायव्हर्जंट नाहीसच, तू बिघडलेल्यांपैकी. तो कोसळतो. लेखिका म्हणते, बघा, अशी लेबलं लावणं किती वाईट! अहो बाई, पण लेबल लावलं कोणी? शिवाय गोष्टीची किल्ली म्हणून ते लेबल तुम्हीच वापरताय. ट्रिसवर सिरम, म्हणजे माणसाचं डोकं ताब्यात घेणारी औषधं, चालत नाहीत, कारण ती डायव्हर्जंट. म्हणजे जनुकांनी काही ठरत नाही हे सांगायचं आणि कथानक मात्र जनुकांवर हाकायचं.

ती मरते याचा मला राग नाही, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर 'नायिका मेली म्हणून रडतेय' असे प्रतिसाद येतील.

टवाळ_पारवा

नायिका मेली म्हणून रडतेय.

(पळा!)

बाराखडी

रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहीन.

मध्यरात्रीचा_वाचक

तिसऱ्या पुस्तकाबद्दल अनुमोदन. माझी तक्रार आणखी साधी आहे. पहिले दोन भाग एकट्या ट्रिसच्या तोंडून आहेत. तिसऱ्यात एक प्रकरण ट्रिस, एक टोबायस. दोघंही 'मी' म्हणतात आणि दोघांचा सूर तंतोतंत सारखा. तीच छोटी वाक्यं, तेच सुस्कारे. मधेच चहा घ्यायला उठलो की परत आल्यावर प्रकरणाच्या डोक्यावरचं नाव बघावं लागायचं की आत्ता कोण कोणाच्या प्रेमात आहे. पहिल्या दोन भागांत टोबायस कमी बोलणारा, धारदार माणूस होता. त्याच्या डोक्यात शिरल्यावर कळलं की हा तर सतत कुरकुरतो.

आणि दुसरा आवाज का हवा होता ते शेवटी कळतं. ट्रिस मेल्यावर गोष्ट सांगायला कोणीतरी उरायला हवं ना! मला तर निम्म्यातच संशय आला होता.

शिकागोवाली

इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे शिकागोत बरीच वर्षं आहे, त्यामुळे माझं या मालिकेवर उगीचच प्रेम आहे. कॅन्डॉरवाल्यांचं मुख्यालय म्हणजे आपलं मर्चंडाइझ मार्ट, निवडीचा समारंभ होतो तो सिअर्स टॉवर (आता विलिस). झेंडा पळवायच्या खेळात ट्रिस नेव्ही पिअरच्या आकाशपाळण्यावर चढते आणि मागोमाग उंचीला घाबरणारा टोबायस चढतो, तो प्रसंग मला संपूर्ण मालिकेत सगळ्यात आवडतो. पुस्तक आलं तेव्हाचा तो पाळणा आता नाही बरं का. तो काढून २०१६ साली जवळपास २०० फुटांचा नवा बसवला. जुना मिझुरी राज्यात ब्रॅन्सनला गेला.

पण गवती चहा, तुझ्या मुद्द्यात मी एक भर घालते. पहिल्या भागात हे शहर जिवंत आहे. आटून दलदल झालेलं लेक मिशिगन, न थांबणाऱ्या ट्रेन, त्यांतून उड्या मारणारी पोरं. तिसऱ्यात सगळं ओ'हेअरवर जातं आणि लेखिकेचे डोळेच मिटतात. मार्गिका, खोल्या, पडदे, पुन्हा मार्गिका. एवढा मोठा विमानतळ, पण तिथे आपण उभे आहोत असं एकदाही वाटत नाही.

सूक्ष्मदर्शक

पेशाने जीवशास्त्राचा मास्तर, त्यामुळे तोंड उघडावं लागतंय.

शौर्याचं एक जनुक, प्रामाणिकपणाचं एक जनुक, असं काही नसतं. स्वभावाच्या कुठल्याही छटेमागे असंख्य जनुकांचा थोडाथोडा वाटा, वर घर, आहार, मार, माया. पुस्तकात 'खुनाच्या जनुका'चा उल्लेख येतो, त्याला जुजबी आधार आहे. १९९३ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काही पुरुषांत एमएओए नावाच्या जनुकात दोष सापडला आणि त्यांच्या वागण्यात आक्रमकपणा होता. एक घराणं, एक दुर्मिळ दोष. पण वर्तमानपत्रांनी पुढे त्या जनुकाचं 'लढवय्यं जनुक' करून टाकलं. तिथून कादंबरीत यायला कितीसा वेळ!

कल्पित गोष्टीत विज्ञान वाकवलं तर माझी हरकत नाही. मला खटकतं ते दुसरंच. माणसांची 'सुदृढ' आणि 'सदोष' अशी वाटणी हा अमेरिकेचा खराखुरा इतिहास आहे. सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा १९०७ मध्ये इंडियानाने केला. शिकागोवाली सांगेल, इंडियानाची हद्द शिकागोला लागूनच आहे. १९२७ मध्ये कॅरी बक नावाच्या तरुणीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा वैध ठरवला, आणि देशभरात मिळून साठ हजारांहून जास्त माणसांच्या अशा शस्त्रक्रिया झाल्या. एवढा मालमसाला दाराशी पडलेला असताना बाई खात्याचं नाव 'जनुकीय कल्याण' ठेवतात आणि पुढे काय, तर स्फोट आणि चुंबनं.

राजेहो

काय राजेहो, चुंबनं मोजली का कोणी? इन्सर्जंटमध्ये तर दर दहा पानांनी भांडण, मग चुंबन, मग 'तू माझ्यापासून लपवलंस', मग परत भांडण. बंड चालू आहे बाहेर, यायचं आपलं वेगळंच.

बाराखडी

आले. आणि मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे.

शेवट मला पटतो. नुसता पटत नाही, मालिकेतली तीच एक गोष्ट शेवटपर्यंत नीट गुंफलेली आहे. नीट बघा. पहिल्या भागात तिच्यासाठी आई मरते, बाप मरतो, आणि सिरमच्या अमलाखाली अंगावर आलेल्या विलला, स्वतःच्या मित्राला, ती गोळी घालते. दुसऱ्या भागात त्या अपराधाने पोखरलेली ही मुलगी एरुडाइटच्या मुख्यालयात स्वतःहून त्यांच्या पुढारी जीनिनच्या हवाली होते. वरवर तो त्याग, पण खरं तर तिला मरायचंच असतं, आणि मृत्यू समोर आल्यावर तिला कळतं की आपल्याला जगायचंय. तिसऱ्यात मरणाच्या कामगिरीवर निघालेला असतो तो केलेब, ज्याने तिला दगा दिला. आत्ता तिला जगायची पूर्ण इच्छा आहे, टोबायस वाट बघतोय, आणि तरी ती भावाच्या जागी जाते. तीन पुस्तकांत तीच कृती तीनदा, दर वेळी अर्थ वेगळा. पुस्तक आल्यावर चाहत्यांनी रान उठवलं तेव्हा रॉथने स्वतः साधारण याच अंगाने शेवटाचं समर्थन केलं होतं.

आणि हे तिने पहिलं पुस्तक लिहिलं तेव्हा ती नॉर्थवेस्टर्नमध्ये शिकत होती, हेही लक्षात घ्या. विशीतल्या मुलीच्या मानाने एवढी बांधणी म्हणजे गंमत नाही.

गवती_चहा

बाराखडी, दंडवत. तिच्या मरणाबद्दल तू लिहिलंस ते सगळं मान्य. विलचा धागा मलाही आवडला होता.

पण ती मरते कशापायी ते बघ ना. विमानतळावरच्या खात्याचा प्रमुख डेव्हिड आणि त्याचं खातं शिकागोवर स्मृती पुसणारं सिरम सोडणार असतं. ते थांबवायला ट्रिसची टोळी तेच सिरम खात्यातल्या सगळ्या माणसांवर सोडते. शेकडो लोक, त्यांतले कित्येक साधे कारकून, तंत्रज्ञ, एका झटक्यात कोरे. पहिल्या भागात जीनिन सिरम टोचून डॉन्टलेसवाल्यांची डोकी ताब्यात घेते तेव्हा ते राक्षसी. इथे नायिकेने केलं की हुतात्म्य. थोडी चर्चा होते, एकदोघं कचरतात, मग 'दुसरा इलाज नाही' म्हणून सगळे कामाला लागतात. पुढे अडीच वर्षांनंतरचा उपसंहार आहे, त्यात शहर सावरलंय, सगळं हिरवंगार. पुसलेल्या माणसांचं काय झालं, ती रात्री दचकून उठतात का, हे विचारायला कोणी नाही.

तळटीप

धागा वाचताना सारखं डोक्यात येत होतं, म्हणून लिहितो. पहिल्या भागातले गट गुणावर. तिसऱ्या भागात माणसाची किंमत जन्मावर. आपल्याकडे 'वर्णव्यवस्था मुळात गुणकर्मावर होती, नंतर जन्मावर गेली' असं सांगणारे पायलीला पन्नास भेटतात. ही मालिका नेमका तोच प्रवास करते, आणि वाचणाऱ्याला हळहळ कशाची वाटते? तर पहिलं गुणांचं जग गेल्याची!

बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये या गुणाधारित चातुर्वर्ण्याचीच झाडाझडती घेतली आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेलं ते भाषण, परिषदच रद्द झाल्यावर त्यांनी १९३६ मध्ये स्वतः छापलं. त्यात प्लेटोचाही समाचार आहे. माणसांचे गुणांवरून तीन वर्ग पाडणाऱ्या प्लेटोला, प्रत्येक माणूस इतरांहून वेगळा असतो आणि स्वतःच एक वर्ग असतो, हे उमगलंच नाही, असा त्यांचा मुद्दा. म्हणजे सगळेच डायव्हर्जंट!

गवती चहा, तुमचा राग तिसऱ्या पुस्तकावर आहे, पण बी पहिल्याच पुस्तकात पेरलंय असं मला वाटतं. एका गटात न मावणारी माणसं तिथेही विरळाच आहेत, बाकी जनता खुशाल एकेका गुणाची. आणि गटाबाहेरच्यांकडे बघा. कचरा उचलणारे, बस हाकणारे. कुठलीही लायकीवरची व्यवस्था असो, हे काम करायला कोणीतरी नापास व्हावंच लागतं. पहिल्या भागात ट्रिसला त्यांची भीती वाटते, दया येते. हे असं का, हा प्रश्न तिला पडत नाही.

साधा_माणूस

झालं, आली का जात? अमेरिकन लेखिका, अमेरिकन पोरांसाठी लिहिलेली गोष्ट, तिच्या डोक्यात चातुर्वर्ण्य असेल का? कुठलाही धागा आला की तिथेच न्यायचा.

तळटीप

तिच्या डोक्यात नसेल, मी कुठे म्हटलं होतं? वाचणारा मी आहे ना.

सूक्ष्मदर्शक

तळटीप यांच्याशी सहमत. सक्तीची नसबंदी करणारेही 'लायकी'च म्हणायचे.

व्यवस्थापक

पुस्तकाशी धरून चर्चा चालू आहे तोवर धागा उघडा राहील. वैयक्तिक शेरे नकोत.

गवती_चहा

तळटीप, गटाबाहेरच्यांचा मुद्दा बोचला. दुसऱ्या भागात त्यांना चेहरे मिळतात खरे, एव्हलिन त्यांची पुढारी होते, पण लगेच त्यांची झुंडशाही दाखवून पुस्तक मोकळं होतं.

तरी डायव्हर्जंट विरळा असण्याचं एक उत्तर पहिल्या भागात शक्य होतं: विरळा दिसतात, कारण बाकीच्यांनी स्वतःला कापूनछाटून गटात बसवलंय. केलेबचं बघा, घरात पुस्तकांचे ढीग लपवून वर्षानुवर्षं निःस्वार्थीपणाचं सोंग. टोबायसला तर पाचही गुण हवे असतात, पाठीवर त्याने पाचही गटांची चिन्हं गोंदवून घेतलीत. शूर, निःस्वार्थी, हुशार, प्रेमळ आणि प्रामाणिक व्हायचंय, असं तो सांगतो. तिथे मला वाटलं होतं की पुढे हे सगळं शहर हळूहळू उकलत जाणार. तीच वाट तिसऱ्या भागाने बंद केली. आता माणसं गटात बसतात, कारण त्यांची जनुकं तशी कापली होती. विषय संपला.

टवाळ_पारवा

आता गंभीरपणे. सिनेमांनी तर आणखी वाट लावली. २०१४ चा पहिला बरा होता, केट विन्स्लेट जीनिन म्हणून निळ्या कपड्यांत काय थंड हसते! २०१५ चा दुसरा म्हणजे काचा फुटण्याचा कार्यक्रम. मग त्या काळच्या फॅशनप्रमाणे शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे करायचं ठरलं. २०१६ मध्ये अर्धं पुस्तक आलं, ते आपटलं, उरलेलं अर्धं टीव्हीवर आणू म्हणाले आणि तेही बारगळलं. म्हणजे पडद्यावरची ट्रिस अजून जिवंत आहे. ज्यांना शेवट आवडला नाही त्यांनी सिनेमा बघावा, तिथे शेवटच नाही.

मध्यरात्रीचा_वाचक

पारव्या, तुझ्या आयुष्यातला हा पहिला उपयोगी प्रतिसाद.

कोयरी

वाचनमात्र असते, पण विचारायचं होतं. माझी मुलगी आठवीत आहे, तिला पहिला भाग द्यावा का? हिंसा फार आहे का?

बाराखडी

आहे. उमेदवारीत मुलं एकमेकांना बेदम मारतात, झोपेत एकाच्या डोळ्यात सुरी खुपसली जाते, एक मुलगा आत्महत्या करतो. आठवीतल्या सगळ्याच मुलींना झेपेल असं नाही, आधी तुम्ही चाळा. पण भीतीच्या चाचण्यांचा भाग मुलींनी जरूर वाचावा. ज्याची भीती वाटते त्यालाच पुन्हा पुन्हा सामोरं जायचं, ही मानसोपचारातली पद्धत रॉथने कॉलेजात शिकली आणि तिथून तिला डॉन्टलेस सुचले. ट्रिसच्या भीतींमध्ये टोबायसशी जवळीक हीसुद्धा एक भीती आहे, आणि ती ते त्याच्यासमोर हसून बोलून दाखवते. इतकं सरळ मी त्या वयाच्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

गवती_चहा_(लेक)

आईच्या आयडीवरून लिहितेय, ती स्वयंपाकघरात आहे. मी तीनही वाचलीत, आईच्या आधी. काकू, द्या तुमच्या मुलीला.

आई जनुकांवरून एवढी चिडलीय, मी ती पानं भराभर उलटली. पण तिने एक गोष्ट लिहिलीच नाही. स्मृतीचं सिरम पुस्तकात तीन जणांसमोर येतं. पीटर, ट्रिसबरोबरच्या उमेदवारांतला तो दुष्ट मुलगा, ते स्वतः मागून घेतो, कारण त्याला स्वतःचाच कंटाळा आलाय. टोबायस ते आईला, म्हणजे एव्हलिनला, द्यायला जातो आणि ऐन वेळी देत नाही. तो तिला सांगतो, मी किंवा सत्ता, काय ते निवड. आणि ती त्याला निवडते. आणि खात्यातल्या लोकांना कोणी विचारतच नाही. मला वाटतं पुस्तकाला उत्तर माहीत होतं, फक्त ते टोबायसच्या प्रकरणात राहिलं, ट्रिसपर्यंत पोचलं नाही. तो प्रसंग मी परत परत वाचते.

तळटीप

बाई, धागा तुम्हीच काढायला हवा होता.

शिकागोवाली

अगं काय लिहिलंयस! कितवीत आहेस?

गवती_चहा_(लेक)

नववीत. आई आली.

गवती_चहा

पासवर्ड बदलतेय. पण एव्हलिनचा प्रसंग मी खरंच घाईत वाचला, कारण ट्रिसचं काय होतंय तिकडे जीव लागला होता. रात्री परत काढते. आणि टोबायसच्या बाजूच्या गोष्टींचं २०१४ चं जे वेगळं पुस्तक आहे, 'फोर', ते कोणाकडे आहे का? पुण्यात असाल तर व्यनि करा. लेक म्हणतेय त्यात तो कुरकुरत नाही.